दुकान सांभाळून मंडळी सांभाळणारे पाळक : सांगली-साताऱ्याकडचे अनुभव

मागे इथेच कुणीतरी विचारलं होतं, "पाळकाला पगार असतो ना, मग गल्ल्यावर कशाला बसायचं?" पाळक म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, आणि मंडळी म्हणजे त्याच्या देवळाची (चर्चची) माणसं. लहान मंडळ्यांचा जमाखर्च ज्यांनी पाहिलाय त्यांना हसू आलं असेल. तीस-चाळीस घरं, त्यातली तरुण पोरं पुण्याला, आणि रविवारच्या अर्पणातून देवळाचं लाईटबिल सुटलं तरी पंच खूश. परदेशी मिशनचा हात होता तोवर पाळकाचं घर त्यावर चाललं. तो सुटल्यावर कुणी गिरणी टाकली, कुणी छापखाना, कुणी मंडपाचा धंदा. हटकलं की उत्तर ठरलेलं : पौलसुद्धा तंबू शिवून पोट भरायचा, काढा बायबलमधली प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय.

पण माझा मुद्दा पोटाचा नाही. या माणसांना गावात जे वजन आलं ते व्यासपीठावरून कमी आणि दुकानाच्या उंबऱ्यावरून जास्त, असं माझं मत आहे. अडचणीत आले तेही तिथूनच. असा माणूस ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांनी लिहा. मंडळीतले असा, शेजारी असा, गिऱ्हाईक असा. नावं टाळा, गावं लहान आहेत, ओळखणारे ओळखतातच. कडू अनुभवही चालतील.

सुरुवात मीच करते. माझे मोठे काका सांगलीत गावभागाकडे पिठाची गिरणी चालवायचे, शेजारी मिरचीचा कांडप. रविवारी गिरणी बंद, सोमवारी झुंबड. म्हणून शनिवारी रात्री दगड उघडून त्याला टाकी मारायला बसायचे. बुजलेल्या खाचा एका लयीत पुन्हा धारदार करायच्या, टक टक टक, आणि त्याच लयीत उद्याचा उपदेश मोठ्यानं म्हणायचा. ठोका चुकला की वाक्य पहिल्यापासून. मंडळीनं ऐकायच्या आधीच तो उपदेश अख्ख्या बोळाला पाठ असायचा. मार्च-एप्रिल म्हणजे मिरचीचे दिवस, आणि नेमका तेव्हाच गुड फ्रायडे. वधस्तंभावरचे सात उद्गार, बारा ते तीन उपासना. काकांचा घसा आठवडाभर कांडपात भाजलेला. बोलता बोलता थांबायचे, डोळ्यांतून पाणी. बाहेरगावचे पाहुणे हेलावून जायचे. आम्हाला माहीत असायचं, ब्याडगी मिरची आहे.

कडक_भाकरी

तुमच्या काकांकडंच आमचं दळण असायचं असं वाटायला लागलंय मला. नसतील तर दुसरे कोण असतील, पण गोष्ट अशीच आहे.

आमची आजी सोवळ्याओवळ्याची. आषाढी एकादशीच्या आधी उपवासाची भाजणी दळायची म्हणजे गिरणीवाल्याशी भांडण ठरलेलं. तिथं गव्हाचं पीठ उडालेलं असतंय, ज्वारीचं असतंय. कुणी म्हणायचं, आजी, चिमूटभर गेलं तर विठोबा काय बघायला येतोय? पाळकसाहेबांनी मात्र वेळच लावून दिली होती. एकादशीच्या आदल्या दिवशी पहाटे गिरणी उघडली की आधी उपवासाचं, मग बाकी सगळं. आदल्या रात्री दगड, चाळणी, पीठ पडायची पेटी झाडून कापडानं पुसून ठेवायचे. वर आजीलाच आत बोलवायचे, "बघून घ्या मावशी, समाधान झालं का?" वरई-राजगिऱ्याचा पहिला मूठभर घाणा बाजूला काढून गाईला.

आजीनं कधी त्यांच्या घरचं पाणी प्यायलं नाही. हेही खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण वडिलांनी दुसरीकडं दळण टाकलं तर घरात दोन दिवस बोलायची नाही.

पाळकांची_सून

वाचून बरं वाटलं, पण घराच्या आतून हे सगळं वेगळं दिसतं. माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, तासगावच्या बाजूला. मंडळीतल्या निम्म्या लोकांची उधारी आमच्याकडे. आता विचार करा, प्रार्थनेत सगळे एका सुरात म्हणणार, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड", आणि पुढच्या बाकावर बसलेले सासऱ्यांकडे बघणार! सासूबाई म्हणायच्या, ही ओळ मंडळी जरा जास्तच जोरात म्हणते.

वही सासूबाईंच्या ताब्यात होती. वसुलीला त्याच जायच्या, सासरे कधी गेले नाहीत. त्यांना चांगुलपणा मिळाला आणि यांना "पाळकबाई फार कडक" हे नाव. साखर मोजून देणारी बाई म्हणून हिणवलं लोकांनी. पण दोन नणंदा नर्सिंग शिकल्या त्या ह्या कडकपणावर, उपदेशावर नाही.

शिवाय पाळकाच्या घराला दार नसतं. रात्री अकराला कुणाची तरी सून रुसून आलेली, कुणाचा नवरा पिऊन आलेला, कुणाला पहाटे मिरजेच्या दवाखान्यात न्यायचंय. गल्ला उघडा टाकून सासरे निघायचे. एकदा परत येईपर्यंत गल्ल्यातली चिल्लर गेली होती. कुणी नेली ते मला आजही माहीत आहे आणि तो माणूस दर रविवारी पेटी वाजवतो.

नाव_नको

मी उलट बाजूचं लिहितोय. राग आला तर आला.

आमच्या तालुक्याच्या गावातले पाळक जमिनीच्या व्यवहारात होते. एजंटगिरी म्हणा. सुरुवातीला मंडळीला अभिमानच वाटला. आपला माणूस तहसील कचेरीत मानानं बसतो, तलाठी चहा पाजतो. कामंही करून द्यायचे लोकांची, नाही म्हणणार नाही. मग देवळाच्या कंपाऊंडच्या कडेची पट्टी कुणाला तरी भाड्यानं दिली. पंचांच्या सभेत ठराव झाला होता म्हणे. ठरावाच्या वहीत माझ्या वडिलांची सही आहे आणि वडील त्या दिवशी कोल्हापूरला होते.

हिशेब मागितला तर उत्तर मिळालं, "देवाच्या सेवकावर बोट ठेवू नका." हे वाक्य धंद्यात चालत नाही. धंद्यात हिशेब मागितला तर वही उघडावी लागते. एकाच माणसाच्या दोन खुर्च्या असल्या की अडचणीच्या प्रश्नाला तो नेहमी दुसऱ्या खुर्चीवरून उत्तर देतो, एवढं मी शिकलो. मंडळी फुटली. आता एकाच गल्लीत दोन उपासना होतात, नाताळच्या दोन कॅरोल पार्ट्या निघतात, आणि आमच्या आत्याच्या मातीला निम्मेच लोक आले.

(धागाकर्ती)

नाव_नको, राग कसला. हे हवंच होतं. दोघांनी मला व्यनि (खाजगी निरोप) करून हा प्रतिसाद काढायला सांगितलंय. काढणार नाही. काकांच्या गिरणीतसुद्धा अर्पणाची पिशवी आणि दळणाचे पैसे एकाच लाकडी कपाटात असायचे. काकू वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधायच्या म्हणून निभावलं.

मोती_चौक

साताऱ्याचा उल्लेख शीर्षकात आहे म्हणून लिहितो. पगाराचा विषय निघाला की मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. बाप्तिस्मा १८९५ चा, नंतरची कित्येक वर्षं अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी कल्पना. दोनच वर्षांत, १९१९ ला, ते गेले आणि दरबार पुढे चालला नाही. पण पगारी पाळकाकडे लोक कसे बघतात हे त्यांना बरोबर कळलं होतं. परदेशी पैशावरचा माणूस काहीही बोलला तरी ऐकणाऱ्याच्या मनात "ह्याला बोलायचेच पैसे मिळतात" हे येतंच.

आमच्या पाळकांचा छोटा छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, खिळे जुळवायला दोन माणसं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हे मुख्य काम. "श्री गणेशाय नमः" चा ब्लॉक सगळ्यात जास्त झिजलेला होता, कारण सगळ्यात जास्त तोच चालायचा. रविवारी टिळकांची भजनं तबला-पेटीवर, आणि सोमवारी सकाळपासून कुलदैवताच्या नावानं सुरू होणाऱ्या पत्रिका. त्यांना यात काही विसंगत वाटत नसे. शुद्धलेखन चुकलं तर मात्र चिडत. "आर्शिवाद" लिहून आणणाऱ्या प्रत्येकाला थांबवून रफार कुठे द्यायचा ते दाखवायचे.

त्यांचं खरं पुढारपण दिसायचं अर्जांत. दाखल्यांचा घोळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे एकाच घरात एका भावाच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर भलतंच. पाळकांकडे पत्र मागायला लोक यायचे, आणि कोणतं पत्र हवंय हे सांगताना मान खाली असायची. पोराला फीमाफी मिळते म्हणून मंडळीच्या नोंदवहीतलं नाव लपवा, अशी विनंती. ते खोटं लिहून देत नसत. पण दारात आलेल्याला उपदेशही करत नसत. चहा सांगायचे आणि म्हणायचे, "दाखला सरकारचा आहे, नोंदवही माझी आहे. सरकारनं मला विचारलं तर बघू." ह्याला कुणी पळवाट म्हणेल. मी त्या पळवाटेवर इंजिनिअर झालेल्या तिघांना ओळखतो.

खालची_पेठ

मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना दवाखानाच आठवतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडल्यापासून ते समीकरण बसलंय. म्हणून आमचे पाळक मंडप-कॉन्ट्रॅक्टर आहेत असं सांगितलं की समोरचा दोनदा विचारतो.

मिरजेच्या गणपती विसर्जनाच्या स्वागत कमानी तुम्हाला माहीत असतील. एका वर्षी एका मंडळाच्या कामाची बांबू-कापडाची ऑर्डर आमच्या पाळकांकडे आली. झालं, मंडळीत दोन तट. "व्यासपीठावर उभा राहणारा माणूस गणपतीला मंडप टाकणार?" पंचांपैकी एकानं सभेत विचारलं. पाळक म्हणाले, "मी बांबू भाड्यानं देतो. बांबूला धर्म विचारलेला नाही." एवढ्यावर भागलं नाही. त्या वर्षी दोन घरांनी वर्गणी दिली नाही.

आणि २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. मारुती चौक, टिळक चौक सगळं पाण्याखाली. सांगलीतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेकडे आली. अशा वेळी शाळा मिळतात, तांदूळ मिळतो, मिळत नाही ते दोनशे माणसांचं पातेलं! ते मंडपवाल्याकडे असतं. पाळकांनी गोडाऊन उघडलं. पातेली, शेगड्या, झारे, सतरंज्या, ताडपत्र्या सगळं टेम्पोत. मी टेम्पोवर होतो. ज्या मंडळाची ऑर्डर घेतली म्हणून भांडण झालं होतं, त्याच मंडळाची पोरं भात ढवळायला. आणि वर्गणी बंद केलेल्या पंचांची बायको कांदा चिरायला.

फार गोड चित्र रंगवू नका मात्र. सतरंज्या निम्म्याच परत आल्या, आणि त्या सीझनला लग्नाच्या ऑर्डरी घेता आल्या नाहीत. बँकेच्या हप्त्यासाठी त्यांनी जुना टेम्पो विकला. बँकेनं पूर वगैरे काही ऐकलं नाही.

घारगे_प्रेमी

सगळे गंभीर झालात. कापणीच्या सणाचा लिलाव कुणीच कसा लिहिला नाही?

लोक शेतातलं, परसातलं घेऊन येतात. ज्वारीची कणसं, ऊस, अंडी, कोंबडा, पपई. उपासना झाली की देवळाच्या ओट्यावर लिलाव, पैसे मंडळीला. आमचे पाळक आठवडाभर हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी, त्यामुळे बोली चढवायचं अंग उपजत. झग्याच्या बाह्या वर करून उभे राहायचे. "हा भोपळा बघा, साधा भोपळा नाही, मळीचा भोपळा! पन्नास एक... पन्नास दोन..." मग हळूच दोन जुन्या भांडखोर घरांकडे एकेकदा बघायचे. एकानं शंभर म्हटलं की दुसरा दीडशे. त्यांच्यातलं बांधाचं भांडण कोर्टात, आणि त्याचा फायदा भोपळ्याला. देवळाचे पत्रे बदलले ते अशाच भोपळ्यांवर.

एका वर्षी दोघांनी संगनमत केलं आणि गप्प बसले. बोली पाळकांच्याच तीनशेवर अडकली. हिशेबाला पक्के, त्यामुळे तिथल्या तिथे खिशातून भरले. भोपळा इतका मोठा होता की पाळकबाईंनी तो अर्ध्या मंडळीत वाटला, आणि उरलेल्याचे घारगे आम्हा रविवारच्या शाळेतल्या पोरांना. तीनशेला त्या काळात चांगली दोन पायली ज्वारी आली असती असं त्या वाढताना प्रत्येकाला सांगत होत्या.