पती अमेरिकन नागरिक, मुलाखत मुंबईला: सल्लागार घ्यावा का आणि पासपोर्टवरचे नाव बदलावे का?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझे पती अमेरिकन नागरिक असून न्यू जर्सीत नोकरी करतात आणि मी सांगलीत राहते. पतीने माझ्यासाठी केलेला आय-१३० अर्ज (पत्नीला अमेरिकेत नेण्यासाठीचा पहिला अर्ज) मंजूर झाला आहे. प्रकरण आता नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीपूर्वी शुल्क आणि कागदपत्रे घेणाऱ्या अमेरिकी कार्यालयाकडे, आले असून 'बीएमबी'ने (मुंबईसाठीचे संकेताक्षर) सुरू होणारा क्रमांकही मिळाला आहे. मला तीन बाबतींत सल्ला हवा आहे. डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी आणि कागदपत्रे तपासून घेण्यासाठी सल्लागार घ्यावा का? शासकीय शुल्क सोडून २५,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च करणे आम्हाला शक्य नाही. दुसरे म्हणजे, माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. तो मुलाखतीपूर्वी सासरच्या नावाने करून घ्यावा का? तिसरे, माझ्या जन्मदाखल्यावर 'बालकाचे नाव' या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. आमच्या लग्नाला येत्या मार्चमध्ये दोन वर्षे पूर्ण होतील.

एडिसनवासी
ताई, सरळ अमेरिकेतला इमिग्रेशन वकील घ्या. आम्ही २,५०० डॉलर मोजले, पण पत्नीची मुलाखत पाच मिनिटांत आटोपली आणि एकही कागद पुन्हा मागितला गेला नाही. आयुष्यभराच्या कामात पैशाकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रत्नागिरी_ते_डॅलस
ताईंनी खर्चाची मर्यादा स्वच्छ लिहिली आहे, ती कृपया वाचावी. ६२५ डॉलर तर आय-१३० ऑनलाइन भरतानाच गेले असतील. आता व्हिसा अर्जाचे ३२५, आर्थिक प्रतिज्ञापत्राच्या तपासणीचे १२० आणि पुढे ग्रीन कार्डासाठी २३५ डॉलर लागतील. वैद्यकीय तपासणी वेगळी. डीएस-२६० मी स्वतः भरला. त्यात अवघड काही नाही, फक्त सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते आधी एका कागदावर उतरवून घ्या. प्रकरणे अडतात ती बहुधा आय-८६४ पाशी, म्हणजे त्याच आर्थिक प्रतिज्ञापत्रापाशी. पतीचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी हवे आणि ते दाखवायला आयआरएसकडून (अमेरिकेचे आयकर खाते) मिळणारी कराची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विवरणपत्राचा अधिकृत उतारा, जोडावी. उत्पन्न कमी पडत असेल तर दुसरा जामीनदार चालतो, मात्र तोही अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो.

ठाण्याची_वहिनी
मी नावाबद्दल लिहिते. आमच्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून माझे पहिले नावसुद्धा बदलले, आणि सासरच्यांच्या लग्नपत्रिकेवर ते नवे नाव छापलेले होते. पासपोर्टवर माहेरचे नाव, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचे आणि पत्रिकेवर तिसरेच, म्हणून मुलाखतीत अधिकाऱ्याने पत्रिका हातात घेऊन 'ही कोण?' असे विचारले. मी मराठीतून सगळी रीत सांगितली आणि त्याचे समाधान झाले. तरीही माझे म्हणणे असे की पासपोर्ट आधीच सासरच्या नावाने करून घ्यावा, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही.

रत्नागिरी_ते_डॅलस
वहिनी, इथे मी असहमत आहे. आय-१३० माहेरच्या नावाने मंजूर झाला आहे. आता पासपोर्ट बदलला तर जन्मदाखला, पदवी आणि पोलीस दाखला एका नावाचे आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, असा नवा घोळ होईल. कायद्याने नाव बदललेच पाहिजे असे कुठेही नाही. पत्रिकेवर वेगळे नाव असेल तर ते डीएस-२६० मध्ये 'वापरलेली इतर नावे' या प्रश्नाखाली लिहावे. तो प्रश्न त्यासाठीच आहे.

निवृत्त_लिपिक
मुलीच्या वेळी जन्मदाखल्याचा हाच प्रश्न आमच्यासमोर होता. जन्म जिथे नोंदला आहे, त्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे शाळा सोडल्याचा दाखला घेऊन नाव समाविष्ट करण्यासाठी अर्ज करावा. जन्म होऊन १५ वर्षे उलटली असतील तर अडचण येते. राज्य शासनाने ही मुदत वेळोवेळी वाढवलेली आहे, म्हणून आजची स्थिती तिथेच विचारावी. नोंदच सापडली नाही तर अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि सोबत आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात, पण तुमची नोंद आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. नवा दाखला घेताना आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते का, हे खिडकीवरून हलण्यापूर्वीच पाहावे. दाखला केवळ मराठीत असेल तर नोटरी केलेले इंग्रजी भाषांतर जोडावे.

एडिसनवासी
भाषांतराला नोटरी लागत नाही. भाषांतर अचूक असून दोन्ही भाषा आपल्याला येतात, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिले की पुरते. आमच्या वकिलांनी हे पहिल्याच दिवशी सांगितले होते, म्हणून वकील घ्या असे पुन्हा म्हणतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट अजून कोणीच लिहिलेली नाही. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी अमेरिकेत प्रवेश केला तर दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते, आणि त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अट काढून घेण्याचा अर्ज भरावा लागतो, ज्याचे शुल्क ७५० डॉलर आहे. दोन वर्षांनंतर प्रवेश केला तर थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते. व्हिसा आधी मिळाला, तरी त्याच्या मुदतीत बसत असेल तर मार्चनंतरच विमानात बसा. व्हिसावर सीआर-१ (सशर्त कार्डाचा प्रकार) छापलेले असले, तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून आयआर-१ (दहा वर्षांच्या कार्डाचा प्रकार) म्हणून नोंद करून घ्या.

ठाण्याची_वहिनी
हे मात्र अगदी खरे आहे. आय-७५१ च्या वेळी एकत्र राहण्याचे सगळे पुरावे पुन्हा गोळा करावे लागले, त्यात फार मनस्ताप झाला. ताई, मार्चपर्यंत थांबाच.

निवृत्त_लिपिक
मीही थांबा असेच म्हणेन. वैद्यकीय तपासणीबद्दलही लिहून ठेवतो. ती दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते आणि लसीकरणाच्या जुन्या नोंदी सोबत न्याव्या लागतात. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला तर थुंकीची कल्चर तपासणी (क्षयाचे जंतू वाढतात का ते पाहणारी) होते आणि तिच्या निकालाला आठ आठवडे लागतात. आमच्या जावयांनी मुलाखतीनंतरच्या आठवड्याचे तिकीट काढून ठेवले होते. ते पैसे बुडाले. पासपोर्टवर व्हिसा लागून तो हातात येईपर्यंत कोणीही तिकीट काढू नये.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. वकील किंवा सल्लागार घेणार नाही. डीएस-२६० आम्ही दोघे व्हिडिओ कॉलवर बसून भरू. पासपोर्ट माहेरच्याच नावाचा ठेवते आणि पत्रिकेवरचे नाव इतर नावांमध्ये लिहिते. मार्चपर्यंत थांबण्याचा सल्ला तिघांनी दिला, पण तो मी घेणार नाही. व्हिसा मिळाला की त्याच महिन्यात निघेन. लग्नानंतरचा बहुतेक काळ आम्ही फोनवर काढला आहे. आय-७५१ चे शुल्क आणि कागदपत्रांचा त्रास मला त्यापुढे मोठा वाटत नाही. नाव समाविष्ट करण्याचा अर्ज सोमवारी नगरपालिकेत देते.

एडिसनवासी
निर्णय तुमचा आहे, पण ७५० डॉलर वाया घालवत आहात असे मला वाटते. निदान संयुक्त बँक खाते, घराचा भाडेकरार आणि विमा यांवर पहिल्या महिन्यापासून दोघांची नावे लावून घ्या, म्हणजे आय-७५१ साठी कागद आपोआप जमत जातील.