कबड्डीच्या जर्सीचा मार्का (ट्रेड मार्क) नोंदवायचा आहे: क्लास कोणता, नाव चालेल का?

जर्सीवाला_आर्णी

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यात (जि. यवतमाळ) सब्लिमेशन छपाईचं युनिट आहे. कबड्डी-व्हॉलीबॉलच्या मंडळांच्या जर्सी छापतो. आता स्वतःच्या मार्क्यानं जर्सी, शॉर्ट, गुडघ्याचे पॅड अन् पुढं कबड्डीची मॅट विकायचा विचार करून राहिलो. नाव ठरवलं 'विदर्भ टायगर', सोबत उडी मारणारा वाघ. सीए म्हणते, क्लास 25 मधी (क्लास म्हणजे नोंदणीतला मालाचा गट) एक अर्ज टाक, झालं. तेवढ्यात भागते का? खर्च किती, मुंबईला जा लागते का?

दुसरं, पोरं छातीवर मोठ्या कंपनीचा लोगो मागतात. 'ऑर्डर आमची, जबाबदारी आमची' म्हणतात. हे चालते का?

मार्का_नागपूर

भाऊ, क्लासचं नंतर पाहू, आधी नाव. 'विदर्भ' हा मुलखाचा शब्द आहे, ट्रेड मार्क कायद्याच्या कलम 9 खाली आक्षेप येणारच. नोंद झाली तरी त्या शब्दावर एकट्याचा हक्क मिळत नाही. 'टायगर' हा कपड्या-बुटांत गर्दीचा शब्द. असिक्सचा 'ओनित्सुका टायगर' तर बुटांचाच ब्रँड आहे.

खरा धोका चित्राचा. मांजरकुळातलं जनावर, बाजूनं दिसणारं, झेप घेतलेलं, एकरंगी, म्हणजे सरळ पुमाच्या दारात. वाघाच्या अंगावर पट्टे रंगवलेत म्हणून वेगळा ठरत नाही. छातीवर तीन इंचांत छापला की पट्टे भरून जातात, उरते ती आकृती, अन् तुलना तिचीच होते. अर्ज प्रसिद्ध करणारं सरकारी ट्रेड मार्क जर्नल दर सोमवारी निघतं आणि मोठ्या कंपन्या ते चाळायला माणसं ठेवतात. प्रसिद्धीपासून 4 महिन्यांत विरोध टाकता येतो. विरोधाची नोटीस ईमेलवर येते. ती मिळाल्यापासून 2 महिन्यांत प्रतिनिवेदन (विरोधाला तुमचं लेखी उत्तर) गेलं नाही तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरतात, मुदतवाढ नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या पुष्कळ फाइली इथंच मरतात, कारण अर्जात ईमेल नेट कॅफेवाल्याचा असतो. स्वतःचा द्या आणि स्पॅमची पेटीही उघडून पाहत जा.

नाव असं घ्या की मालाशी त्याचा संबंध लागणार नाही. 'पऱ्हाटी' ऐकायला झकास, पण पऱ्हाटी म्हणजे कापूस अन् तुमची जर्सी पॉलिस्टरची. ग्राहकाची दिशाभूल होते असा आक्षेप घ्यायला जागा राहते. 'तुराटी' (तुरीची वाळकी काडी) घ्या, जर्सीशी काही देणंघेणं नाही, म्हणून मार्का म्हणून दमदार. (हे उदाहरण झालं. शोध घेतल्याशिवाय तेही नको.) शोध सरकारी आयपी इंडियाच्या साइटवर फुकट आहे. शब्द देवनागरीत टाका, रोमनमध्ये चार-पाच स्पेलिंगांनी टाका, मग उच्चारावरून शोधण्याचा पर्याय वापरा. चित्रासाठी व्हिएन्ना कोड (चित्राच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक) असतो, वाघ आणि तसल्या मोठ्या मांजरांचा 3.1.4.

आता क्लास. जर्सी, शॉर्ट, टोपी, बूट 25 मध्ये. खेळाचे गुडघ्याचे पॅड 28 मध्ये (दुखण्यावर लावायचा पट्टा 10 मध्ये जातो, तो यात घुसडू नका). मॅटला बहुतेक जण 28 समजतात, पण व्यायामशाळेच्या मॅट 27 मध्ये येतात. इतरांच्या कापडावर छपाई करून देणं 40 मध्ये, स्पर्धा भरवणं 41 मध्ये. आज 25 आणि 28 करा. मॅट दोन वर्षांनी येणार असेल तर 27 ला घाई नाही, शिवाय नोंदवून सलग 5 वर्षं न वापरलेला मार्का दुसरा कोणी अर्ज करून काढायला लावू शकतो.

सरकारी फी ऑनलाइन, दर क्लासला 4,500 रुपये, व्यक्तीच्या किंवा लघुउद्योगाच्या नावानं. भागीदारी संस्था असेल तर उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं) जोडा, नाहीतर 9,000. एका अर्जात अनेक क्लास चालतात, पण फी दर क्लासला वेगळीच लागते, आणि 28 मधल्या मालावर विरोध आला की 25 ही अडकतो. वेगळे अर्ज बरे. मुंबईला जायचं काम नाही. अर्ज डिजिटल सहीनं ऑनलाइन जातो, सुनावणी व्हिडिओवर होते. नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, पण ती प्रशिक्षणाची, तिथं अर्ज देऊ नका. परीक्षण अहवाल (अर्जावरचे कार्यालयाचे आक्षेप) आला की उत्तराला 1 महिना, तेवढं कॅलेंडरवर मांडून ठेवा. नोंद 10 वर्षांची.

कलम_29

लोगोच्या प्रश्नाला उत्तर: नाही चालत. छापणाराही दोषी धरला जातो. मंडळानं जबाबदारी लिहून दिली तरी तो तुमच्या-त्यांच्यातला कागद, कंपनीला बांधील नाही. कलम 103 खाली 6 महिने ते 3 वर्षं शिक्षा, 50,000 ते 2 लाख दंड. झडती घेणारा पोलीस अधिकारी उपअधीक्षक किंवा त्याच्या वरचा लागतो आणि आधी ट्रेड मार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं, हे खरं. पण कंपन्या बहुतेकदा दिवाणी दावा लावून कोर्ट कमिशनर (कोर्टानं तपासणीला नेमलेला माणूस) आणतात. तो ट्रान्सफर पेपर, छापलेला माल, संगणकातल्या फाइली सगळंच नोंदवून सील करतो. 'फर्स्ट कॉपी' शब्द बिलावर असेल तर कबुलीच.

आदिदासचा मार्का तीन पट्ट्यांचा, पण पट्टे मोजून कमी-जास्त केले तरी सुटका नाही. 2 आणि 4 पट्ट्यांच्या बुटांवरून 2008 साली अमेरिकेत ज्युरीनं पेलेस कंपनीला आदिदासला सुमारे 30 कोटी डॉलर द्यायला सांगितलं. 2023 मध्ये थॉम ब्राउनच्या 4 पट्ट्यांवर आदिदास हरली. निकाल दोन्हीकडे लागतात, अन् खर्च दोघांचाही होतो. आर्णीच्या युनिटनं हा जुगार कशाला खेळावा? ग्राहकानं अस्सल जर्सी विकत आणली आणि मागे नंबर-नाव छापून घेतलं, एवढं करा.

गावच्या नावापुढं 'प्रीमियर लीग' लावायला हरकत नाही, फक्त त्या दोन शब्दांवर हक्क मिळत नाही. मात्र आयपीएलच्या संघांचे लोगो नकोत. 'वर्ल्ड कप' हा शब्द वापरण्याला दिल्ली उच्च न्यायालयानं 2003 मध्ये मनाई नाकारली होती, पण ते शब्दापुरतं, चिन्हापुरतं नाही.

जर्सीवाला_आर्णी

समजलं. वाघ सोडतो, नाव बदलतो. पण तीन वर्षांपासून 'विदर्भ टायगर' नावानं थोडाफार माल विकला ना, ती तारीख नव्या अर्जात टाकू का? अन् लोगो गावच्याच पोराकडून काढून घेतो.

मार्का_नागपूर

नाही. वापराची तारीख त्या मार्क्याची असते, दुकानाची नाही. नव्या नावावर अजून एक नगही विकला नसेल तर अर्जात 'वापर प्रस्तावित' लिहा. जुनी तारीख टाकली तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि उद्या विरोधात पहिलं बोट तिथंच ठेवतात.

इथून पुढं बिलं नीट करा. 'टी-शर्ट 24 नग' असं बिल मार्क्याचा पुरावा होत नाही. मालाच्या वर्णनात मार्का लिहिला पाहिजे. गळ्याच्या लेबलाचा फोटो, लेबल छापणाऱ्याचं बिल, पॅकिंगची पिशवी, सगळं तारखेनिशी ठेवा. अर्ज टाकल्यावर टीएम लिहा. गोलातला आर नोंदणीआधी लावणं कायद्याने मना आहे, 2024 पर्यंत तो गुन्हा होता, आता त्यावर पैशांचा दंड बसतो.

लोगो पोराकडूनच घ्या, पण पैसे दिले म्हणून हक्क आपोआप येत नाही. कॉपीराइट तुमच्याकडे दिल्याचा लेखी करार सहीनिशी घ्या. त्यानं मोबाईल ॲपमधलं तयार चित्र उचललं नाही ना, हेही विचारा. तेच चित्र उद्या पुसदच्या दुकानाच्या पाटीवर दिसेल. चित्र काळ्या-पांढऱ्यात दाखल करा, म्हणजे सगळे रंग झाकले जातात आणि मंडळ बदललं की जर्सीचा रंग बदलायला मोकळे. शब्द आणि चित्र मात्र दोन वेगळे अर्ज. पैसे कमी असतील तर शब्द आधी.