यंदाही म्हणे 'मोहोर जोरात आहे'. नवऱ्याच्या आशेला आवर कसा घालायचा?

कलमाखालची (रत्नागिरी) :
आंब्याची घरची चाळीस कलमं आहेत, त्यांची धास्ती नाही. धास्ती आहे ती खंडाच्या, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन हंगामापुरत्या घेतलेल्या बागेची. शेजारच्या गावातली नव्वद कलमं आमचे हे गेली चार वर्षं खंडाने घेतात. डिसेंबरात बागेत एक फेरी मारून येतात, पायसुद्धा न धुता ओटीवर बसतात आणि आकडा सांगतात. तो मी गुपचूप कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. 2021 च्या हंगामाला म्हणाले 280 पेट्या, निघाल्या 120. मग 300 च्या 180, 250 च्या 160, 300 च्या 140. दरवर्षी कारण वेगळं, आणि खरंही. कधी थ्रिप्सची कीड, कधी अवकाळी. तौक्ते वादळात तर आंब्यांचा सडा पडला होता, सगळे कपाळाला हात लावून बसलेले, आणि हे म्हणतात, "राहिलेत ते आता चांगले पोसतील."

यंदा मालक एक लाख साठ हजार मागतोय. गेल्या वर्षी एक वीस होते. हे द्यायला तयार! वाशीच्या दलालाकडून उचल घेऊ म्हणतात, म्हणजे माल त्यालाच घालायचा आणि तो करील ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मुकाट घ्यायची.

पण खरं सांगू? सासरे गेले तेव्हा डोक्यावर कर्ज होतं, ते यांच्या याच स्वभावाने फेडलं. पहाटे चारला उठून फवारणीला जाणारा माणूस आशेवरच जातो. मी "नको" म्हटलं की दोन दिवस बागेकडे फिरकत नाहीत. आशा राहावी आणि आकडा तेवढा खाली यावा, असं काही करता येतं का?

देवगडचो (देवगड) :
वयनी, माझे वडील म्हणायचे, "मोहोर म्हणजे आंबो न्हय." हापूसच्या हजार फुलांतली एखाद-दुसरी फळापर्यंत पोचते. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली की पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळते. तेव्हा डिसेंबरातला आकडा हा आकडाच नव्हे. आम्ही खंड दोन हप्त्यांत ठरवतो. अर्धा आता, उरलेला फळ सुपारीएवढं झाल्यावर, झाडावर काय दिसतं त्या मानाने. मालक कुरकुरतो, पण ओळखीतला असला तर ऐकतो. आणि करार नोंदवून घ्या. तोंडी खंडावर फळपीक विमा मिळत नाही.

तासिका (चिपळूण) :
मी मानसशास्त्र शिकवते. ताई, तुमच्या कॅलेंडरामागे जे आहे त्यावर संशोधन झालेलं आहे. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये याला 'प्लॅनिंग फॅलसी', म्हणजे अंदाज बांधताना होणारी आशावादी चूक, हे नाव दिलं. पुढे 1994 च्या एका कॅनडातल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर 34 दिवसांचं, प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. मजा म्हणजे मागचे अनुभव त्यांना आठवत होते, पण 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती' म्हणून ते बाजूला टाकले जात. तुमच्याकडेही तेच: तौक्ते वेगळं, थ्रिप्स वेगळे. उपाय असा की यंदाच्या मोहोराबद्दल वाद घालायचाच नाही. चार वर्षांची सरासरी 150 पेट्या. खंड ठरवताना तेवढ्याच धरायच्या.

हिशेबी (राजापूर) :
150 पेट्या, हातात पेटीमागे 1,600 धरले तर 2,40,000. फवारणी, राखण, तोडणी, पेट्या मिळून 1,10,000 तरी जातात. उरले 1,30,000. खंडच 1,60,000 दिलात तर तुम्ही मालकाचे बिनपगारी राखणदार, वर तीस हजार पदरचे.

रोठा सुपारी (श्रीवर्धन) :
हिशेब पटतो, पण एक सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली. तात्या तेव्हा 74 वर्षांचे. पावसाळा संपायच्या आत त्यांनी रोपं लावली. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, मी तोंडावर म्हटलं, कोणासाठी? म्हणाले, "खड्डे तर खणून झालेत." पण रोपं घरच्या बियाण्याची होती, कर्ज एक रुपयाचं नव्हतं. वहिनी, भाऊंच्या आशेला हात लावू नका. उचल तेवढी घेऊ देऊ नका.

कलमाखालची (रत्नागिरी) :
सगळ्यांचे आभार. रात्री कॅलेंडरची चारही पानं यांच्यापुढे ठेवली. आधी रागावले, "म्हणजे चार वर्षं तू माझी हजेरी घेत होतीस?" मग चष्मा लावून परत परत वाचलं. देवगडच्या भाऊंची युक्ती आवडली. सकाळी मालकाकडे गेले आणि साठ हजार आता, बाकीचं फळ बघून, असं बोलून आले. तो विचार करून सांगतो म्हणालाय. उचल घेणार नाही, असं मला नाही पण सासूबाईंना सांगितलंय.

आत्ता जेवून बाहेर पडलेत. पावसच्या रस्त्याला कुणाची तरी तीस कलमं पान दिसू नये इतकी मोहोरलीत म्हणे. "नुसती बघून येतो," म्हणाले. मी कॅलेंडर आणि पेन काढून ठेवलंय.