केबलचे डिजिटलीकरण तोंडावर आले असताना टीव्ही ट्यूनर कार्ड कोणते घ्यावे?

कोथरूडकर (डिसेंबर २०१२)

नमस्कार. घरच्या संगणकावर दूरचित्रवाणी पाहता यावी आणि काही कार्यक्रम ध्वनिमुद्रणासह साठवून ठेवता यावेत, यासाठी टीव्ही ट्यूनर कार्ड घेण्याचा विचार आहे. संगणक कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा आहे, रॅम २ जीबी आहे आणि त्यावर ६४-बिट विंडोज ७ चालते. मदरबोर्डवर एक पीसीआय स्लॉट आणि एक लहान पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट रिकामा आहे. मॉनिटर १९ इंची एलसीडी आहे.

सध्या घरी साधी केबल आहे, म्हणजे तार थेट टीव्हीच्या मागे खोचलेली आहे. केबलवाल्याने मात्र ३१ मार्च २०१३ नंतर सेट टॉप बॉक्सशिवाय काहीही दिसणार नाही असे सांगितले आहे. मुंबईत ३१ ऑक्टोबरनंतर तसे झालेच आहे. अशा वेळी हजार-दीड हजार रुपयांचे साधे कार्ड घेतले, तर ते चार महिन्यांनी निरुपयोगी ठरेल का? आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे दुपारचे कार्यक्रम वेळ लावून आपोआप रेकॉर्ड व्हावेत, ही मुख्य अपेक्षा आहे. आईचा आग्रहही त्यासाठीच आहे. शिवाय घरात लग्नाच्या आणि नाट्यस्पर्धांच्या काही व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. त्या याच कार्डाने संगणकावर घेता आल्या तर उत्तम.

दुकानदार पीसीआय कार्ड, यूएसबी स्टिक आणि मॉनिटरला जोडायचा बाहेरचा डबा असे तीन प्रकार दाखवतात, पण त्यांतला फरक नीट समजावून सांगत नाहीत. कृपया मार्गदर्शन करावे.

तरंगलांबी

कार्डाची निवड कंपनीच्या नावावरून न करता तुमच्या घरात सिग्नल कोणत्या स्वरूपात येतो आणि एप्रिलनंतर कोणत्या स्वरूपात येणार आहे, यावरून करावी. बाजारातली बहुतेक स्वस्त कार्डे ॲनालॉग आहेत. त्यांच्यावरचा ट्यूनर केबलमधून येणारे पाल पद्धतीचे, म्हणजे आपल्याकडच्या ॲनालॉग टीव्हीच्या पद्धतीचे, प्रक्षेपण पकडतो. एप्रिलपासून त्याच तारेतून सांकेतिक कुलूप लावलेले डिजिटल प्रक्षेपण येईल आणि ते उघडण्याची किल्ली केबलवाल्याच्या बॉक्समधील स्मार्ट कार्डात असेल. त्यामुळे डिजिटल केबलचा ट्यूनर असलेले महागडे कार्ड आणले तरी सशुल्क वाहिन्या त्यावर दिसणार नाहीत. ॲनालॉग ट्यूनरला पुण्यात त्यानंतर पकडण्यासारखे उरेल ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून होणारे दूरदर्शनचे प्रक्षेपण, आणि त्यासाठी गच्चीवर अँटेना लावावी लागेल.

याचा अर्थ कार्ड घेऊच नये असा नाही. जवळजवळ प्रत्येक ट्यूनर कार्डाच्या मागे कॉम्पोझिट व्हिडिओची पिवळी खाच किंवा एस-व्हिडिओची गोल खाच असते. सेट टॉप बॉक्समधून निघणारी पिवळी तार तिथे आणि लाल-पांढऱ्या तारा आवाजाच्या खाचेत लावल्या, की बॉक्सवर जे लागले असेल ते संगणकावर दिसते आणि साठवता येते. तुमची कॅसेटची गरजही याच खाचेतून भागणार आहे. म्हणून ट्यूनर किती वाहिन्या शोधतो याची जाहिरात बाजूला ठेवा आणि या खाचांमागे कोणती चिप बसवली आहे ते पाहा.

स्वस्त कार्डांवर बहुधा फिलिप्सची एसएए७१३० ही चिप आढळते. ती चित्र संगणकाकडे पाठवते, आवाज मात्र पाठवत नाही. आवाजासाठी कार्डातून साउंड कार्डाच्या लाइन-इनपर्यंत, म्हणजे आवाज आत घेण्याच्या खाचेपर्यंत, वेगळी तार ओढावी लागते. पाहण्यापुरते हे चालून जाते. रेकॉर्डिंग करताना मात्र चित्र एका घड्याळावर आणि आवाज दुसऱ्या घड्याळावर मोजला जातो, आणि तासाभराच्या कार्यक्रमात शेवटी ओठ आणि शब्द यांची फारकत झालेली दिसते. एसएए७१३४ हे तिचेच थोरले भावंड आवाजाचेही अंकीकरण स्वतः करते, त्यामुळे हा दोष बराच कमी होतो. दोन्ही चिपांची कार्डे दिसायला सारखीच असतात आणि खोक्यावर चिपचे नाव क्वचितच छापलेले असते. दुकानात कार्ड बाहेर काढून मधल्या मोठ्या चौकोनी चिपवरचा क्रमांक वाचण्यात संकोच करू नये.

याहून वरचा प्रकार म्हणजे एमपेग-२ एन्कोडर असलेले कार्ड. हॉपॉजचे पीव्हीआर-१५० हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्यात चित्र दाबून लहान करण्याचे काम कार्डच करते आणि प्रोसेसर मोकळा राहतो. कच्चे चित्र ७२० गुणिले ५७६ या आकारात सेकंदाला २५ चौकटी या वेगाने साठवले, तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. तेच सेकंदाला ५ मेगाबिट या दराने एमपेग-२ मध्ये साठवले, तर सव्वादोन जीबीत काम भागते. तुमचा कोअर टू ड्युओ हे दाबण्याचे काम सॉफ्टवेअरनेही निभावू शकेल, त्यामुळे एन्कोडरसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणे तुम्हाला आवश्यक नाही. शिवाय एन्कोडरच्या कार्डावर चित्र एक-दोन सेकंद उशिराने दिसते. वाहिनी बदलताना ते जाणवते आणि व्हिडिओ गेम जोडून खेळण्याचा तर प्रश्नच उरत नाही.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासणे अत्यावश्यक आहे. तुमचे विंडोज ६४-बिट आहे आणि कित्येक जुन्या पीसीआय कार्डांसोबत येणाऱ्या सीडीत एक्सपीचेच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरे, असतात. ६४-बिट विंडोज ७ डिजिटल स्वाक्षरी (निर्मात्याची खूण) नसलेला ड्रायव्हर सहजासहजी स्वीकारत नाही. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर उपलब्ध आहे हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तुम्ही उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरत असाल, तर एसएए७१३० आणि एसएए७१३४ या दोन्ही चिपांसाठी लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीपासून असतो. मात्र कार्ड आपोआप ओळखले गेले नाही, तर त्याचा क्रमांक हाताने द्यावा लागतो.

दोन_नळी

बाहेरच्या डब्याविषयी थोडेसे लिहितो. हा डबा संगणक आणि मॉनिटर यांच्या मधल्या व्हीजीए तारेत बसतो. संगणक बंद असतानाही टीव्ही दिसतो, विजेची बचत होते, ड्रायव्हरची कटकट नाही. ज्याला केवळ पाहायचे आहे त्याच्यासाठी हाच प्रकार सर्वांत सोयीचा आहे. परंतु चित्र संगणकाच्या आत जातच नसल्यामुळे त्याने काहीही रेकॉर्ड होत नाही. त्यामुळे तुमच्या बाबतीत तो बाद.

वेळ लावून रेकॉर्ड करण्याच्या अपेक्षेबद्दल मात्र वरील उत्तरात काहीच आलेले नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. आज थेट केबलवर कार्डाचे सॉफ्टवेअर दुपारी दोन वाजता स्वतः वाहिनी लावते आणि रेकॉर्डिंग सुरू करते. एप्रिलनंतर वाहिनी बॉक्सवर बदलावी लागेल आणि कार्डाला बॉक्सवर कोणतीही सत्ता नसेल. सकाळी घर सोडताना बॉक्स हव्या त्या वाहिनीवर लावून चालू ठेवावा लागेल, आणि दिवसभरात दोन वेगळ्या वाहिन्यांवरचे दोन कार्यक्रम हवे असतील तर तेही जमणार नाही. काही कार्डांसोबत इन्फ्रारेड ब्लास्टर नावाची छोटी तार येते, ती बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवली की संगणक रिमोटसारखे संकेत पाठवतो. ती सुविधा मिळाली तर घ्यावी, पण केबलवाला कोणता बॉक्स देणार हे कळेपर्यंत तिच्यावर विसंबू नये.

माझे स्पष्ट मत असे की आपोआप रेकॉर्डिंग हीच मुख्य गरज असेल, तर रेकॉर्डिंगची सोय असलेला डीटीएच बॉक्स घेणे अधिक शहाणपणाचे आहे. टाटा स्कायने तो २००८ पासून उपलब्ध केला आहे, इतरांकडेही आता मिळतो.

तरंगलांबी

ब्लास्टरचा मुद्दा योग्य आहे. पण रेकॉर्डिंगच्या बॉक्सची मर्यादाही सांगायला हवी. त्यातील हार्ड डिस्कवरचे कार्यक्रम कुलूपबंद असतात आणि ते त्याच बॉक्सवर पाहता येतात. वर्गणी थांबली किंवा बॉक्स बदलला, की साठवलेले सारे गेले. ज्यांना कार्यक्रम पाहून पुसून टाकायचा आहे त्यांची त्याला हरकत नसावी, परंतु एखादी संगीतसभा वर्षानुवर्षे जपायची असेल तर ती संगणकावरच असायला हवी. एचडी बॉक्सच्या एचडीएमआय तारेतूनही ते साधत नाही, कारण त्या वाटेवरही संरक्षण असते. पिवळी तार हाच त्यातल्या त्यात मोकळा मार्ग आहे.

आग्नेय_छत्री

एक तिसरा पर्याय येथे कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहितो. दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा २००४ पासून विनाशुल्क आणि विनाकुलूप चालू आहे. इन्सॅट-४बी उपग्रहावरून, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेकडून, ती डीव्हीबी-एस या उपग्रहावरील डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीने येते. यासाठी सेट टॉप बॉक्सची गरज नाही. टेक्निसॅटच्या स्कायस्टार-२ सारखे उपग्रह ट्यूनर कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसवून छत्रीची तार थेट त्याला जोडता येते. पुण्यातून छत्री आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर रोखावी लागते. कोन इतका उंच असल्यामुळे समोरच्या इमारतीची आड सहसा येत नाही.

या मार्गाने प्रक्षेपण मुळातच एमपेग-२ मध्ये येते आणि कार्ड ते जसेच्या तसे डिस्कवर उतरवते. मधे ॲनालॉग रूपांतर नाही आणि दर्जाची घट नाही. वेळ लावून वाहिनी बदलणेही संगणकाच्याच हातात राहते. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि काही खासगी विनाशुल्क वाहिन्या मिळतात. खासगी मराठी मालिकांच्या सशुल्क वाहिन्या मात्र मिळणार नाहीत. कोथरूडकरांच्या मातोश्रींना दुपारी नेमके काय पाहायचे आहे, यावर बरेच काही अवलंबून आहे.

कोथरूडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला हवे आहेत ते बहुतांशी सह्याद्रीवरचे संगीताचे आणि चर्चेचे कार्यक्रम. मालिका ती रात्री टीव्हीवर पाहतेच. त्यामुळे उपग्रह कार्डाचा पर्याय मला पटू लागला आहे. मात्र मग कॅसेटचे काय? त्या कार्डावर पिवळी खाच असते का? आणि पीसीआय स्लॉट तर एकच आहे.

आग्नेय_छत्री

स्कायस्टार-२ वर व्हिडिओ आत घेण्याची खाच नाही. त्यामुळे पीसीआय स्लॉट उपग्रह कार्डाला द्यावा आणि कॅसेटसाठी यूएसबी कॅप्चर उपकरण घ्यावे. ते ट्यूनरविना मिळते, म्हणून स्वस्तही पडते. कॅसेटचे काम संपले की एखाद्या नातेवाइकाला देता येईल.

छत्रीची तार बाहेरून घरात येत असल्याने वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले, की ती कार्डापासून काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. विजेचा धक्का त्या वाटेने मदरबोर्डपर्यंत पोहोचू शकतो. संगणक बंद असला तरी तार जोडलेली असेपर्यंत धोका टळत नाही. तार काढताना कार्डाच्या सेटिंगमधून छत्रीच्या एलएनबीचा (छत्रीपुढे बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाचा) वीजपुरवठा बंद करावा किंवा संगणक पूर्ण बंद करावा, कारण त्या तारेतून १३ ते १८ व्होल्ट सतत जात असतात.

तरंगलांबी

कॅसेटपुरते दोन शब्द. जुन्या कॅसेटचे चित्र वेळेच्या दृष्टीने डळमळीत असते आणि कॅप्चर उपकरण मधल्या चौकटी गाळते. त्यामुळे घेताना आवाजासह घेणारे, म्हणजे लाल-पांढऱ्या खाचा स्वतःवरच असलेले उपकरण निवडावे आणि पूर्ण ७२० गुणिले ५७६ आकारातच साठवावे. जागा वाचवण्यासाठी ३२० गुणिले २४० निवडले, तर अर्ध्याहून अधिक रेषा कायमच्या जातात आणि कॅसेट पुन्हा लावण्याजोगी राहीलच असे नाही. हलत्या चित्रात कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर घाबरू नये. पालमध्ये चौकट दोन टप्प्यांत येते, त्याचा तो परिणाम आहे. मूळ फाइल तशीच ठेवावी आणि पाहताना व्हीएलसी या प्लेअरमधील डीइंटरलेस (हे दाते पुसणारी सोय) चालू करावे. ज्या डिस्कवर साठवणार ती एनटीएफएस पद्धतीची असावी, कारण एफएटी३२ वर ४ जीबीच्या पुढे एकच फाइल वाढत नाही आणि तीन तासांचे नाटक त्याहून सहज मोठे होते.

सर्वांत आधी व्हीसीआरचे हेड स्वच्छ करून घ्यावे आणि प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे व मागे फिरवून मगच रेकॉर्डिंग सुरू करावे. बुरशी दिसत असेल ती कॅसेट मात्र यंत्रात घालूच नये. तिची बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटमध्ये जाते.