तिशीनंतरची तीव्र मुरमे: उपचार कोणता घ्यावा?

भांडुपची वाचक:
वय ३४. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, ठणकणाऱ्या गाठी येतात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स संपला की त्या पुन्हा उठतात. केमिस्टने दिलेल्या मलमाने चेहरा आधी उजळला आणि नंतर अधिकच बिघडला. पुढे काय करावे?

दादरकर:
मलम बहुधा स्टिरॉइडमिश्रित असावे. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिले आहे का ते पाहावे आणि ती नळीच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. पाळी अनियमित असल्यास पीसीओएसची (बीजांडकोशाशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणीही करून घ्यावी. केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गर्दी असते, पण खर्च आटोक्यात राहतो.

मुलुंडची ताई:
गाठींमुळे व्रण राहत असतील, तर डॉक्टर बहुधा आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचे औषध सुचवतील. या औषधाने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून उपचार चालू असताना आणि त्यानंतर किमान १ महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. यकृताच्या आणि रक्तातील चरबीच्या तपासण्याही कराव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन मात्र यासोबत घेऊ नये. ओठ फुटतात, ते वेगळेच.

दादरकर:
बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवर लावायचे औषध दिल्यास उशीचे अभ्रे पांढरेच वापरावेत. रंगीत कापडावर फिकट डाग पडतात.