मदत हवी आहे: बॅटरी नवी, तरी गाडी सेल्फ घेत नाही. स्टार्टर बदलू का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१३ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. राहायला मालगुंडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यावं लागतं. पहाटे निघायचं म्हणजे या गाडीशिवाय दुसरी सोय नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पावसाळा सुरू झाल्यापासून सकाळी चावी फिरवली की एकदाच 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. इंजिन फिरतच नाही. कधी दोन-तीनदा चावी मारल्यावर कण्हत कण्हत फिरतं आणि गाडी चालू होते, कधी अजिबात नाही. घरापुढे उतार आहे. तिथे सेकंड गिअर टाकून सोडली की लगेच चालू होते आणि मग दिवसभर सुरळीत चालते.

मेकॅनिकने आधी बॅटरी बदलायला लावली. बदलली, टर्मिनल घासूनपुसून घट्ट केली. फरक शून्य. आता तो म्हणतो स्टार्टरच गेला, नवा घाला, पाच-सहा हजार लागतील. खर्च करायला हरकत नाही, पण त्यानंतरही गाडी अशीच अडली तर आईचे हाल होतील.

भावाकडे मल्टिमीटर आहे. त्याने मोजलं ते असं: गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. चावी फिरवून 'टक्' झालं तेव्हा १२.१. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.२. हेडलाइट लावून सेल्फ मारला तर उजेड किंचितच कमी होतो. क्लचही हल्ली जड लागतो, पण ते काम नंतर करून घेणार आहे.

स्टार्टर बदलण्याआधी काय तपासावं?

घाटवाट:
ताई, चावीचा इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) बघा. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय का?

पाना१३:
इमोबिलायझर असता तर उतारावरही गाडी चालू झाली नसती. पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही ठीक आहेत. अडचण फक्त इंजिन फिरवण्यात आहे.

स्टार्टरच्या सोलेनॉइडमधले (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचमधले) तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजले तरी असाच एक 'टक्' येतो. स्टार्टरच्या बॉडीवर पान्याने हलकेच ठोकून बघा. ठोकल्यावर फिरला तर मेकॅनिक बरोबर आहे.

जुना_वायरमन:
ताई, स्टार्टरला अजून हात लावू नका. तुम्ही दिलेले आकडे फार कामाचे आहेत.

सेल्फ मारताना स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. तेवढा करंट खरंच गेला तर चांगली बॅटरीसुद्धा १०-११ व्होल्टपर्यंत खाली येते आणि हेडलाइट चांगलेच मंद होतात. तुमची १२.१लाच थांबली. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण करंट वाटेत अडतोय. अडणार तीनच ठिकाणी: बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड केबल, स्टार्टरच्या आतले कॉन्टॅक्ट, नाहीतर इंजिनची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी.

माझा संशय अर्थिंगवर आहे, आणि तो तुमच्या क्लचमुळे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-गिअरबॉक्सपर्यंत वेगळी केबल किंवा विणलेली पट्टी येते. खाऱ्या हवेत तिचा लग (टोकाची बोल्टखाली बसणारी धातूची कडी) हिरवा पडतो, आतल्या तारा कुजतात. मग करंट मिळेल त्या धातूतून परतीची वाट शोधतो, आणि लहान गाड्यांत ती वाट बहुतेक वेळा क्लचच्या केबलमधून जाते. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि क्लच जड होतो. 'टक्' झाल्यावर लगेच त्या केबलला हाताची पाठ लावून बघा, सांभाळून.

पक्कं करायला मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पंखा-पट्ट्यापासून हात लांब. मग भावाला चावी फिरवायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तसा आला तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं स्टार्टरच्या जाड बोल्टवर लावून हेच करा. दोन्हीकडे कमी आला तर खुशाल स्टार्टर उतरवा.

खाडीकाठ:
काका, इंजिन आणि निगेटिव्ह यांच्यात चावी फिरवल्यावर ४.३ व्होल्ट आले! आणि क्लचची केबल खरोखर कोमट लागली. गिअरबॉक्सजवळची पट्टी बोल्टपाशी हिरवट-पांढरी झालीय, वाकवली तर तिच्यातून भुकटी पडते. आता काय करू?

जुना_वायरमन:
सापडलं. शेजारी कुणाकडे जंपर केबल असेल तर काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनच्या जाड धातूला लावा आणि सेल्फ मारा. गपकन फिरेल. उद्याची रत्नागिरीची फेरी अडणार असेल तर तेवढ्यापुरतं हे चालेल, चालू झाल्यावर वायर काढून ठेवा.

कायमचं म्हणजे नवी तांब्याची केबल, जुनीइतकी किंवा तिच्याहून जाड. दोन्ही टोकांचे लग नीट क्रिंप केलेले हवेत, नुसते पक्कडीने दाबलेले नकोत. गिअरबॉक्सवर जिथे बोल्ट बसतो ती जागा सँडपेपरने चकचकीत करा, बोल्ट कसा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीपासून बॉडीला जाणारी छोटी काळी वायरही तशीच साफ करा.

मग गाडी चालू ठेवून बॅटरीवर परत मोजा. १३.२ कमीच होते, १३.८ ते १४.४ यायला हवेत. आले तर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) चिंता नको. क्लचची केबल मात्र लगेच बदला, नंतरवर टाकू नका. आतून वितळलेली असेल तर घाटात तुटेल.

खाडीकाठ:
जंपर केबल लावल्यावर पहिल्याच चावीला चालू झाली. पट्टी आणि क्लचची केबल दोन्ही आजच रत्नागिरीहून मागवते. मेकॅनिकलाही हे ४.३ दाखवते, त्याच्याकडे याच किनाऱ्यावरच्या गाड्या येतात. काका, मनापासून आभार.