स्पेसर, पॅकिंग की अंतरक?

जुनं_इंजिन
कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनाची एक जोडणी-पुस्तिका मराठीत आणतोय. कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि मॅनिफोल्ड (ते मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्या) यांच्यामध्ये बसणाऱ्या जाड ‘स्पेसर’पाशी अडलोय. गॅरेजात त्याला सर्रास ‘जाड पॅकिंग’ म्हणतात. पण त्याच्या वर एक आणि खाली एक गॅस्केट (सांध्यातून हवा शिरू नये म्हणून घालायचा पातळ थर) लागतं, त्यालाही पॅकिंगच म्हणतात! वाक्य होतं, ‘पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग लावा’. गोंधळून एक जरी राहून गेलं, तर इंजिन तिथून हवा घेणार, मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडणार आणि रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, आपोआप चढणार.

शब्दवेल
‘अंतरक’ घ्या. पूरक, मारक, तारक तसाच अंतरक. उच्चाराला सोपा, अर्थ उघड.

तेरा_चौदा
अर्थ उघड आहे, पण अपुरा. अंतर राखणं हे त्याचं खरं काम नाही. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, मॅनिफोल्डची धग वर चढते, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये साठलेलं पेट्रोल उकळतं आणि तापलेली गाडी सुरू व्हायला त्रास देते. ती धग अडवायला बेकेलाइटचा (एक कडक प्लॅस्टिक) ठोकळा घालतात. काम बघून ‘उष्णतारोधक’ म्हणा.

जुनं_इंजिन
ॲल्युमिनियमचेही स्पेसर येतात हो. ते धग अडवत नाहीत, थेट वर पोचवतात. त्यांचा उपयोग कार्ब्युरेटरखालची पोकळी वाढवण्यापुरता. त्यांना रोधक कसं म्हणू?

ओवी
‘पाचर’ का नको? आमच्याकडे दोन वस्तूंमध्ये घालायच्या प्रत्येक गोष्टीला पाचरच म्हणत.

तेरा_चौदा
पाचर निमुळती असते, ओवीताई. इथे दोन्ही तोंडं समांतर हवीत. निमुळतं काही घालून नट आवळले तर कार्ब्युरेटरची बैठक वाकते, प्रसंगी तिचा नट बसतो तो कान तुटतो. ‘ठोकळा’ म्हणा आणि मोकळे व्हा. मिस्त्रीलाही कळेल.

शब्दवेल
ठोकळा लाकडाचाही असतो, रांगोळीचाही. तांत्रिक मजकुरात एका वस्तूला एकच शब्द हवा. रोजच्या बोलण्यात नाही म्हणून नवा शब्द नाकारत गेलो, तर मराठीत यंत्रांवर कधीच नीट लिहिता येणार नाही.

तेरा_चौदा
आणि जो शब्द हातात पाना असलेला माणूस वापरत नाही, तो पुस्तिकेत घालून कोणाची सोय होते? मी ‘नट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळा’ असं सांगतो. त्यात एकही नवा शब्द नाही आणि कोणी चुकत नाही.

जुनं_इंजिन
तेही विचारायचंच होतं. कार्ब्युरेटर ज्या दांड्यांवर नटांनी आवळतात, त्या स्टडचे ‘आटे’ लिहू की ‘मळसूत्र’?

शब्दवेल
मळसूत्र! सूत्र म्हणजे दोरा. इंग्रजीतही आट्यांना ‘थ्रेड’, म्हणजे दोराच म्हणतात. दोन भाषांना एकच गोष्ट दिसली, हे मला फार सुंदर वाटतं.

ओवी
सुंदर आहे, पण मळसूत्र म्हणजे अख्खा स्क्रू ना? त्यावरच्या खाचा म्हणजे आटे. ‘आटे गेले’ म्हणतात, ‘मळसूत्र गेलं’ कोणी म्हणत नाही.

तेरा_चौदा
पूर्ण सहमत. आणि ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये ते फार लवकर जातात. स्पेसर घातल्यावर जुना स्टड आखूड पडतो. नवा घेताना ठोकळा अधिक जादा गॅस्केट, एवढी लांबी वाढवा; खालचे आटे व्यासाच्या दीडपट तरी आत जाऊ द्या, म्हणजे ८ मिमीच्या स्टडला १२ मिमी. शेवटी एअर क्लीनर बॉनेटला टेकत नाही ना आणि ॲक्सिलरेटरची तार ताणली जात नाही ना, हे पाहा. शब्द कोणताही वापरा, हे मात्र लिहाच.

ओवी
स्टडला ‘खुंटी’ चालेल?

शब्दवेल
खुंटीला एकच मोकळं टोक असतं. स्टडला दोन्हीकडे आटे. ‘दुतोंडी बोल्ट’ म्हणा.

तेरा_चौदा
बोल्ट म्हटलं की माणूस डोकं शोधतो. स्टडला डोकंच नसतं.

शब्दवेल
म्हणून तर ‘दुतोंडी’ म्हटलं!